गुरुवार सकाळ ते सोमवार संध्याकाळ

म्युनिक विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरच्या चौकात फरसबंदीवर काही कागद विखुरलेले दिसतात. काही सुटे, काही एकावर एक पडलेले. उचलायला गेलं तर हाती येत नाहीत, कारण ते जमिनीत पक्के बसवलेले आहेत. त्यांवर छापील मजकूर आहे, तरुण चेहरे आहेत, शेवटच्या पत्रांतल्या ओळी आहेत. नाझी राजवटीविरुद्ध पत्रकं काढणाऱ्या 'वाइसे रोजे' म्हणजे 'पांढरा गुलाब' या गटाचं हे स्मारक. शिल्पकार रॉबर्ट श्मिट-माट, साल १९८८.

चौथरा नाही, घोडा नाही, तलवार नाही. आपल्याकडे स्मारक म्हटलं की मान वर करावी लागते. इथे वाकावं लागतं आणि वाचावं लागतं. मला हे स्मारक फार खरं वाटतं, कारण त्या मुलांनी केलं ते नेमकं एवढंच होतं. त्यांनी मजकूर लिहिला, छापला आणि लोकांच्या हाती लागेल असा ठेवला. त्यासाठी गुरुवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास दोघांना पकडलं, आणि सोमवारी संध्याकाळी पाच वाजता तिघांचे शिरच्छेद झाले. मध्ये गेले चार दिवस आणि जेमतेम पावणेसहा तास. एवढ्या झपाट्याने हे सगळं उरकायचं तर एकटा हिटलर पुरत नाही. किती जणांनी आपापलं काम वेळेवर आणि चोख केलं, ते तासातासाने पाहिल्यावरच कळतं.

आधीचे आठ महिने

हान्स शोल आणि अलेक्झांडर श्मोरेल हे म्युनिकमध्ये वैद्यकाचे विद्यार्थी. १९४२च्या जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत त्यांनी चार पत्रकं काढली, प्रत्येकाच्या साधारण शंभर प्रती. दुसऱ्या पत्रकात त्यांनी उघड लिहिलं की पोलंडमध्ये तीन लाख ज्यूंची हत्या झाली आहे. 'आम्हाला काही माहीतच नव्हतं' असं युद्धानंतर लाखो जर्मनांनी सांगितलं. पंचविशीच्या आतल्या दोन पोरांना मात्र ते माहीत होतं, आणि त्यांनी ते छापून टपालात टाकलं होतं.

जुलैत हान्स, श्मोरेल आणि त्यांचा सहाध्यायी विली ग्राफ यांना लष्कराने वैद्यकीय सेवेसाठी रशियन आघाडीवर पाठवलं. नोव्हेंबरात ते परतले ते अधिक पक्के होऊन. आता गटात क्रिस्टॉफ प्रोब्स्ट होता, हान्सची धाकटी बहीण सोफी होती, आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कुर्ट हूबर होते. हान्स आणि सोफी लहानपणी हिटलरच्या युवक संघटनांत हौसेने गेली होती, हेही सांगायला हवं. त्यांचे वडील रॉबर्ट शोल पहिल्यापासून विरोधात. हिटलरला देवाचा कोप म्हटल्याबद्दल १९४२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली होती.

काम कसं चालायचं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मजकूर टंकलेखन यंत्रावर स्टेन्सिलवर कापायचा, आणि मग हाताने फिरवायच्या चक्रमुद्रण यंत्रावर एकेक प्रत काढायची. आपल्याकडे शाळेच्या प्रश्नपत्रिका अशाच निघायच्या, त्यामुळे बोटांना लागणारी ती शाई अनेकांना आठवत असेल. कागद, पाकिटं, तिकिटं एका दुकानातून किंवा एका पोस्टातून घ्यायची सोय नव्हती. युद्धकाळात एवढा कागद कोणाला कशाला लागतो, असा प्रश्न लगेच आला असता. म्हणून ठिकठिकाणाहून थोडं थोडं आणायचं. पत्ते टेलिफोनच्या पुस्तकांतून उतरवून घ्यायचे. पत्रकं एकाच गावातून पडली तर माग लागतो, म्हणून ती बॅगेत भरून रेल्वेने ऑग्सबुर्ग, श्टुटगार्ट, साल्झबुर्ग, लिंझ, व्हिएन्नापर्यंत न्यायची आणि तिथल्या पेटीत टाकायची. गाडीत तपासणी असे. बॅग एका डब्यात ठेवायची आणि आपण दुसऱ्या डब्यात बसायचं. जानेवारी १९४३मध्ये पाचवं पत्रक निघालं, ते हजारोंच्या संख्येत.

१३ जानेवारीला म्युनिक-ओबरबायर्नचा नाझी पक्षप्रमुख पाउल गीस्लर विद्यार्थ्यांसमोर बोलला. मुलींनी विद्यापीठात शिकत बसण्यापेक्षा 'फ्युरर'साठी पोरं जन्माला घालावीत, असा त्याचा सूर होता. मुली उठून चालू लागल्या, त्यांना अडवलं गेलं आणि सभागृहात हाणामारी झाली. ३ फेब्रुवारीला रेडिओने स्टालिनग्राडचा पराभव जाहीर केला. त्या रात्री आणि पुढे आणखी दोन रात्री हान्स, श्मोरेल आणि ग्राफ यांनी भिंतींवर डांबरी रंगाने 'स्वातंत्र्य' आणि 'हिटलर मुर्दाबाद' अशा अर्थाच्या घोषणा रंगवल्या.

सहावं पत्रक प्राध्यापक हूबर यांनी लिहिलं आणि ते विद्यार्थ्यांना उद्देशून होतं. त्यात जर्मन सैन्याच्या बाजूने उभं राहण्याचं आवाहन करणारं एक वाक्य होतं. रशियाची आघाडी डोळ्यांनी पाहून आलेल्या हान्स आणि श्मोरेलने ते खोडलं, तेव्हा हूबर रागावून निघून गेले. गुरूचं वाक्य खोडणारे विद्यार्थी आणि तरीही त्याच पत्रकासाठी पुढे प्राण देणारा गुरू, असं हे नातं होतं.

बुधवार, १७ फेब्रुवारी

नाझींची गुप्त पोलीस यंत्रणा गेस्टापो आता हात धुऊन मागे लागली आहे. पत्रकांची भाषा तपासण्यासाठी तिने म्युनिकचेच अभिजात भाषांचे प्राध्यापक रिचर्ड हार्डर यांना कामाला लावलं आहे. प्लोटिनससारख्या तत्त्वज्ञाचं भाषांतर करणारा हा विद्वान. पत्रकांचा लेखक सुशिक्षित आणि विचार करणारा माणूस आहे, असा अहवाल तो देतो.

शोल कुटुंबाच्या गावी, उल्ममध्ये, गटाच्या एका तरुण साथीदाराची गेस्टापोने चौकशी केली आहे. तो शोल भावंडांच्या मोठ्या बहिणीला, इंगेला, गाठतो आणि हान्सपर्यंत सांकेतिक निरोप पोचवायला सांगतो. एका पुस्तकाचं नाव घ्यायचं आणि ते आता बाजारात मिळत नाही असं म्हणायचं. इंगेच्या सांगण्यावरून त्या वेळी म्युनिकमध्ये असलेला कुटुंबाचा मित्र ओटल आयशर हान्सला फोन करतो. महत्त्वाचं सांगायचं आहे, एवढंच तो बोलतो. भेट ठरते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची.

सोफी त्या दिवशी मैत्रिणीला पत्र लिहिते. ग्रामोफोनवर शूबर्टचं 'ट्राउट' क्विंटेट लावलं आहे, आणि पत्रात आहे ते त्या संगीताने मनात जागं झालेल्या वसंताविषयी. ती २१ वर्षांची आहे.

गुरुवार, १८ फेब्रुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास

हान्स आणि सोफी फ्रान्झ-योसेफ-स्ट्रासेवरच्या भाड्याच्या खोल्यांतून निघतात. जवळ एक सूटकेस आणि एक ब्रीफकेस, त्यांत दीड हजाराहून अधिक पत्रकं. टपालाने पाठवून उरलेल्या या प्रती. पाकिटांचा तुटवडा आहे आणि घरात एवढा साठा ठेवणंही धोक्याचं. म्हणून त्या विद्यापीठातच वाटायच्या, भर दिवसा. विद्यापीठ चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पावणेअकरा ते अकरा

विली ग्राफ आणि गटातली ट्राउटे लाफ्रेन्झ हे दोघे हूबर यांच्या तासातून दहा मिनिटं आधी बाहेर पडतात, कारण पुढचा तास दूरच्या रुग्णालयात आहे. दारात हान्स आणि सोफी भेटतात, हातात सूटकेस. दोन शब्द बोलून चौघं पांगतात. वर्गांची दारं अजून बंद आहेत. भावंडं रिकाम्या मार्गिकांतून फिरत प्रत्येक वर्गाच्या दारापाशी गठ्ठे ठेवतात. खिडक्यांच्या कट्ट्यांवर ठेवतात, जिन्यावर ठेवतात.

काम झालं. दोघं मागच्या दारापर्यंत पोचलीसुद्धा. बॅगेत अजून थोडी पत्रकं उरली आहेत. ती परत वर जातात.

या एका वळणावर पुढे खूप लिहिलं गेलं. वेडं साहस होतं का? पकडलं जाण्याची ओढ होती का? मला हे प्रश्न पटत नाहीत. आठ महिने रात्री जागवून, अर्धपोटी राहून, एकेक पान हाताने काढणाऱ्याला उरलेला गठ्ठा परत घरी न्यावासा वाटत नाही, इतकी ती साधी गोष्ट आहे. शिवाय घरी नेणं हाच तर धोका होता.

अकरा वाजून काही मिनिटं

दुसऱ्या मजल्यावर, मधल्या मोठ्या चौकाच्या कठड्यावर पत्रकांचा गठ्ठा. काचेच्या छतातून खाली उजेड पडतो आहे. सोफी हाताने गठ्ठा ढकलते. शंभरेक कागद भिरभिरत खालच्या फरशीवर उतरतात. त्याच वेळी तास संपतो, वर्गांची दारं उघडतात, विद्यार्थी बाहेर येतात.

विद्यापीठाचा शिपाई याकोब श्मिड धावत वर येतो. तो नाझी पक्षाचा सभासद आहे. दोघांना तो जागीच धरतो आणि तुम्हाला अटक आहे म्हणून ओरडतो. दोघं पळत नाहीत. बाहेर पडणारे विद्यार्थी पाहत राहतात. या शिपायाच्या हातून त्या दोघांना कोणी सोडवलं नाही. चौकात तेव्हा शेकड्यांनी तरुण होते.

साडेअकरा

इमारतीचे सगळे दरवाजे बंद होतात. ज्याच्या हाती पत्रक आलं असेल त्याने ते परत द्यायचं. दोघांना कुलगुरूंसमोर नेतात. हे कुलगुरू म्हणजे वाल्टर व्यूस्ट.

या नावाशी मराठी वाचकाने थांबायला हवं. व्यूस्ट हा संस्कृतचा आणि वेदांचा अभ्यासक. ऋग्वेदाच्या शैलीवर आणि कालनिर्णयावर त्याने ग्रंथ लिहिला होता. म्युनिकमध्ये तो 'आर्य' संस्कृती आणि भाषाविज्ञान या विषयाचा प्राध्यापक होता. नाझींच्या एसएस या दलात त्याला वरचा हुद्दा होता आणि एसएसप्रमुख हिमलरच्या 'आनेनेर्बे' या संशोधन संस्थेचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. जर्मन पंडितांनी वेद वाचले याचं आपल्याला शतकभर कौतुक आहे, आणि पुण्यात मॅक्सम्युलरच्या नावाचं भवन आहे. त्या परंपरेतला हा माणूस त्या सकाळी आपल्याच दोन विद्यार्थ्यांना गेस्टापोच्या हवाली करतो. ऋचांचा अर्थ लावण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला समोरच्या दोन पोरांच्या जिवाचा अर्थ लागू नये, हे मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत जास्त छळतं. विद्वत्तेने माणूस आपोआप शहाणा होतो, हा आपला लाडका समज इथे कोसळतो. त्या आठवड्यात म्युनिकमध्ये तीन प्राध्यापक होते. एकाने पत्रकांची भाषा तपासून पोलिसांना मदत केली, एकाने मुलांना पकडून दिलं, आणि तिसऱ्याने ते पत्रक लिहिलं होतं.

कुलगुरूंच्या कार्यालयात हान्स खिशातला एक कागद फाडून तोंडात कोंबायचा प्रयत्न करतो. तो सातव्या पत्रकाचा कच्चा मसुदा आहे, क्रिस्टॉफ प्रोब्स्टच्या हस्ताक्षरातला. पोलीस ते तुकडे गोळा करतात आणि जुळवतात.

तिकडे ठरल्या वेळी ओटल आयशर फ्रान्झ-योसेफ-स्ट्रासेवर पोचलेला असतो. दार बंद. थोड्या वेळाने तो पुन्हा येतो तेव्हा त्याला गेस्टापो भेटते. इशारा अर्ध्या तासाने उशिरा आला.

दुपार आणि संध्याकाळ

ब्रीनर रस्त्यावरचा विटेल्सबाखर राजवाडा आता गेस्टापोचं मुख्यालय आहे. सोफीची चौकशी रॉबर्ट मोर हा अधिकारी करतो. ती शांतपणे सांगते: सूटकेस रिकामी होती, उल्मला जाऊन धुतलेले कपडे आणायचे होते, पत्रकं आधीच तिथे पडलेली होती, जाता जाता कठड्यावरच्या गठ्ठ्याला धक्का दिला तो निव्वळ खोडीने. मोरला हे जवळजवळ पटतं. तिला सोडून द्यायचं घाटत असतं. तेवढ्यात खोल्यांची झडती पुरी होते. टपालाच्या तिकिटांचा मोठा साठा सापडतो. प्रोब्स्टची पत्रं सापडतात, आणि त्यांतलं अक्षर जुळवलेल्या तुकड्यांवरच्या अक्षराशी मिळतं.

हान्स कबूल करतो. ते कळल्यावर सोफीही कबूल करते. तिथून पुढे दोघांचा प्रयत्न एकच: सगळं आपणच केलं असं सांगायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं.

त्याच संध्याकाळी बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये प्रचारमंत्री गोबेल्स निवडक हजारोंच्या सभेला विचारतो की तुम्हाला संपूर्ण युद्ध हवं आहे का, आणि सभागृह होकाराने दणाणून जातं. त्या सभेत टाळ्या पिटल्या गेल्या तो दिवस आणि म्युनिकच्या फरशीवर पत्रकं पडली तो दिवस एकच.

मध्यरात्र

विली ग्राफ आणि त्याची बहीण घरी परततात. पोलीस आत बसलेले असतात.

शुक्रवार ते रविवार

या तीन दिवसांत घडलं ते बहुतेक कागदोपत्री. प्रोब्स्टला इन्सब्रुकमध्ये अटक झाली. तो तिथे वायुदलाच्या विद्यार्थी तुकडीत होता. त्याची पत्नी हेर्टा तिसऱ्या बाळंतपणानंतर तापाने अंथरुणावर होती, बाळ चार आठवड्यांचं. त्याचा गुन्हा म्हणजे एक मसुदा, जो कधी छापला गेला नाही आणि कोणी वाचलाही नाही.

एक कायदेशीर अडचण होती. हान्स आणि प्रोब्स्ट हे लष्करी विद्यार्थी, म्हणजे खटला लष्करी न्यायालयात चालायला हवा होता. वरून हुकूम आले आणि त्यांना लष्करातून काढून टाकलं गेलं, म्हणजे मग राजकीय खटल्यांसाठीच्या नाझी 'लोकन्यायालया'त उभं करता आलं. कुठल्या तरी टेबलावर तो आदेश टंकला गेला, कोणी तरी सही केली, कोणी तरी शिक्का मारला, आणि तेही शनिवार-रविवार धरून. नाझी यंत्रणेचा हा वेग मला त्यांच्या क्रौर्याइतकाच भयंकर वाटतो.

चौकशीच्या शेवटी मोरने सोफीला विचारलं की आता तरी हे चुकीचं होतं असं वाटतं का. तिचं उत्तर नोंदीत आहे. आपल्या लोकांसाठी करता येण्यासारखं सर्वोत्तम तेच आपण केलं, त्याचा पश्चात्ताप नाही आणि परिणाम भोगायची तयारी आहे, असा त्याचा आशय.

रविवारी दुपारी आरोपपत्र हाती पडलं. तिच्याबरोबर कोठडीत असलेल्या एल्झे गेबेल या राजकीय कैदी बाईंनी युद्धानंतर लिहिलं की ते वाचताना सोफीचे हात सुरुवातीला थरथरत होते, आणि वाचता वाचता ती शांत होत गेली. त्या आरोपपत्राची प्रत शिल्लक आहे. तिच्या पाठीमागे सोफीने एकच शब्द कोरून काढला आहे: स्वातंत्र्य.

सोमवार, २२ फेब्रुवारी, सकाळी दहा

म्युनिकचं न्यायमंदिर. लोकन्यायालयाचा अध्यक्ष रोलांड फ्राइस्लर बर्लिनहून खास आला आहे. प्रेक्षक निवडून बोलावलेले, बरेचसे गणवेशात. फ्राइस्लर ओरडतो, किंचाळतो. बचावाचे वकील नावापुरते. सोफी त्याला सांगते की कोणी तरी सुरुवात करायलाच हवी होती, आणि आम्ही लिहिलं ते इथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या मनात आहे, फक्त बोलायची हिंमत नाही. हान्स प्रोब्स्टसाठी बोलू पाहतो, त्याला गप्प करतात.

उल्महून आई-वडील आणि आघाडीवरून रजेवर आलेला धाकटा भाऊ वेर्नर येऊन पोचतात. त्यांना कोणी रीतसर कळवलेलं नव्हतं. हान्सच्या एका मित्राने निरोप दिला होता. रॉबर्ट शोल आत घुसतात आणि मुलांच्या वतीने बोलायचा प्रयत्न करतात. त्यांना बाहेर काढतात. जाताना ते मोठ्याने म्हणतात की याहून वरचाही एक न्याय आहे.

पाऊण वाजता

तिघांनाही मृत्युदंड. हान्स २४, प्रोब्स्ट २३, सोफी २१. श्रोत्यांमध्ये लिओ झामबेर्गर नावाचा एक तरुण वकील होता. तो स्वतःहून शोल दांपत्याजवळ जातो आणि दयेचा अर्ज कसा करायचा ते सांगतो. अर्ज होतो आणि फेटाळलाही जातो. एवढ्या गर्दीत आपणहून पुढे आलेला हा एक माणूस, म्हणून त्याचं नाव लिहून ठेवावंसं वाटतं.

चार ते पाच

श्टाडेलहाइम तुरुंग. आई-वडिलांना मुलांना भेटू देतात. आई माग्डालेना यांनी घरून खाऊ आणला आहे. हान्स नको म्हणतो. सोफी आनंदाने घेते. दुपारचं जेवण झालेलं नाही, असं सांगते. शिक्षेची अंमलबजावणी त्याच संध्याकाळी होणार, हे आई-वडिलांना कोणी सांगितलेलं नाही.

प्रोब्स्टला भेटायला कोणीच येऊ शकत नाही. हेर्टाला काही माहीत नाही. शेवटच्या तासात तो बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक होतो. पहारेकरी नियम मोडून तिघांना काही क्षण एकत्र आणतात, आणि तिघं मिळून एक सिगरेट ओढतात. पाच दिवसांच्या या हकिगतीत आपलं काम चोख न करणारे सरकारी नोकर हे एवढेच.

पाच

पाच वाजता सोफी. पाच वाजून दोन मिनिटांनी हान्स. पाच वाजून पाच मिनिटांनी क्रिस्टॉफ प्रोब्स्ट. गिलोटिन चालवणारा योहान राइखहार्ट. हान्स शेवटी 'स्वातंत्र्य चिरायू होवो' असं ओरडला, ते तुरुंगभर ऐकू गेलं.

त्याच रात्री

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात विद्यार्थ्यांची सभा भरते. तिथे मृतांचा धिक्कार होतो. शिपाई श्मिडचा जयजयकार होतो आणि तो हात उंचावून नाझी सलामीने त्याचा स्वीकार करतो. त्याला तीन हजार मार्कांचं बक्षीस मिळालं.

पुढची दोन वर्षं

२४ फेब्रुवारीला तुरुंगालगतच्या पेर्लाखर फोर्स्ट स्मशानभूमीत तिघांना पुरलं. त्याच दिवशी पळून गेलेला श्मोरेल एका हवाई हल्ल्याच्या तळघरात ओळखला जाऊन पकडला गेला. शोल कुटुंबालाही अटक झाली. १९ एप्रिलच्या दुसऱ्या खटल्यात श्मोरेल, ग्राफ आणि हूबर यांना मृत्युदंड झाला. श्मोरेल आणि हूबर यांचा १३ जुलैला, आणि ग्राफचा १२ ऑक्टोबरला शिरच्छेद झाला. मधल्या महिन्यांत ग्राफकडून बाकीच्यांची नावं काढायचा प्रयत्न गेस्टापोने केला, पण त्याने तोंड उघडलं नाही. विद्यापीठाने हूबर यांची डॉक्टरेट काढून घेतली. तुरुंगात शेवटपर्यंत ते लायब्निझवरचं पुस्तक लिहीत होते.

सहावं पत्रक मात्र जर्मनीबाहेर निसटलं. हिटलरविरोधी कायदेपंडित हेल्मुट जेम्स फॉन मोल्टके यांच्यामार्फत ते स्कँडिनेव्हियातून ब्रिटनला पोचलं, आणि १९४३च्या उन्हाळ्यात ब्रिटिश विमानांनी त्याच्या लाखो प्रती जर्मन शहरांवर टाकल्या. रसायनशास्त्राचा विद्यार्थी हान्स लायपेल्ट याने तेच पत्रक पुन्हा टंकून वाटलं आणि हूबर यांच्या निराधार पत्नीसाठी पैसे गोळा केले. २९ जानेवारी १९४५ला, युद्ध संपायला तीन महिने उरले असताना, त्याचाही श्टाडेलहाइममध्ये शिरच्छेद झाला. पाच दिवसांनी फ्राइस्लर बर्लिनमध्ये बॉम्बहल्ल्यात मेला.

युद्धानंतर

श्मिडला पाच वर्षांची श्रमशिबिराची शिक्षा झाली. राइखहार्टला अमेरिकनांनी नाझी गुन्हेगारांना फाशी देण्याच्या कामावर ठेवलं. वेदपंडित व्यूस्ट काही वर्षं कैदेत काढून सुटला आणि १९९३ पर्यंत जगला.

विद्यापीठासमोरच्या चौकाला १९४६ साली शोल भावंडांचं नाव दिलं गेलं, आणि रस्त्यापलीकडच्या चौकाला प्राध्यापक हूबर यांचं. इमारतीच्या आत, पत्रकं पडली त्या चौकात, १९५८ साली लोथार डिट्झ यांचं शिल्प बसवलं. १९९७ मध्ये तिथेच छोटं संग्रहालय सुरू झालं, आणि २००५ मध्ये सोफीचा अर्धपुतळा आला. लोकन्यायालयाचे निकाल मात्र कायद्याने रद्द व्हायला १९९८ साल उजाडावं लागलं.  २०१४ मध्ये म्युनिकच्या एका संग्रहालयाच्या कोठारात ती गिलोटिन सापडली. ती लोकांसमोर मांडायची नाही असं ठरलं, ते योग्यच झालं. लोकांनी पाहावं असं त्या पात्यात काही नाही.

एक खंत राहतेच. जगाला सोफी आठवते, तिच्यामागोमाग हान्स आठवतो. चित्रपट त्यांच्यावर निघाले, शाळांना नावं त्यांची दिली गेली. तीन लेकरांचा बाप असलेला प्रोब्स्ट, जन्माने रशियन आईचा मुलगा श्मोरेल, महिनोन्‌महिने छळ सोसून मौन पाळणारा ग्राफ हे मागे पडतात. लायपेल्टचं नाव तर बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं.

आज नोकरी-शिक्षणासाठी म्युनिकमध्ये राहणारी आणि सुट्टीत तिथे जाणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत. मारिएनप्लाट्झवरून भुयारी रेल्वेच्या ३ किंवा ६ क्रमांकाच्या गाडीने दुसरं स्थानक विद्यापीठाचं. वर या, फरशीवरची पत्रकं वाकून वाचा, आतला चौक पाहा आणि मग रस्ता ओलांडून हूबर चौकातही जा. बरोबर मुलं असतील तर त्यांना सातही नावं सांगा: सोफी शोल, हान्स शोल, क्रिस्टॉफ प्रोब्स्ट, अलेक्झांडर श्मोरेल, कुर्ट हूबर, विली ग्राफ, हान्स लायपेल्ट.